सिगरेट सोडल्यावर वजन वाढू नये म्हणून काय करायचं? चहातल्या साखरेपासून सुरुवात करा

सिगरेट सोडून मला आता तीन वर्षं होत आलीत. त्याआधी १४ वर्षं ओढत होतो, दिवसाला ९-१० सहज. सोडायच्या आधी दोनदा ठरवून परत सुरू केली होती आणि दोन्ही वेळा कारण एकच, पोट सुटायला लागलं, पॅंट लागेना, आणि ऑफिसमधल्या कोणीतरी म्हटलं की अरे सुटलास की किती. मग मनात आलं की ओढत होतो तेव्हा निदान बारीक तरी होतो. हा विचार फार घातक आहे, आणि मला माहितीये की हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या, खासकरून मुलींच्या आणि बायकांच्या मनात तो असतो पण कोणी बोलत नाही. म्हणून तिसऱ्या वेळी मी काय वेगळं केलं ते सगळं नीट लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वजन वाढलं तरी सिगरेट सोडणंच फायद्याचं आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत हजारो लोकांच्या अनेक वर्षांच्या माहितीवर झालेला एक मोठा अभ्यास आला होता, त्यात असं दिसलं की सोडल्यानंतर ज्यांचं वजन वाढलं त्यांना पहिली काही वर्षं डायबेटीसचा धोका थोडा जास्त होता, पण हार्टच्या आजाराने किंवा एकूणच लवकर मरण्याचा धोका ओढत राहणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी होता, वजन वाढलेलं असूनसुद्धा. त्यामुळे तीन-चार किलोच्या भीतीने परत पाकीट विकत घ्यायचं नाही. आणि "ओढणारा बारीक असतो" हे पण अर्धंच खरं आहे, कारण वजन सारखं असलं तरी जास्त ओढणाऱ्यांच्या पोटाभोवती चरबी जास्त साठलेली असते, हातपाय बारीक आणि पोट पुढे असे लोक आपण सगळ्यांनीच बघितलेत.

वजन नक्की किती वाढतं आणि का

जगभरातले अभ्यास एकत्र करून बघितले तर औषधाशिवाय सोडणाऱ्यांचं वर्षभरात सरासरी ४ ते ५ किलो वजन वाढतं आणि त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांतच वाढतं. पण सरासरी म्हणजे सगळ्यांचं तसंच होतं असं नाही, शंभरातल्या साधारण १६ जणांचं वजन उलट कमी झालं आणि १३ जणांचं १० किलोच्या वर वाढलं. म्हणजे तुम्ही कुठल्या गटात जाणार हे आधीच ठरलेलं नाहीये, बरंचसं आपल्या हातात आहे.

कारणं दोन. पहिलं शरीरातलं. सिगरेटमधल्या निकोटीनमुळे शरीर रोज थोडी जास्त ऊर्जा जाळतं, ढोबळमानाने १० टक्के, म्हणजे ज्याला दिवसाला २००० कॅलरी लागतात त्याच्या साधारण २०० कॅलरी सिगरेट जाळत होती. वर निकोटीन भूकही दाबतं. सिगरेट सुटली की ते जास्तीचं जळणं थांबतं आणि दाबलेली भूक उसळी मारून वर येते. दुसरं कारण म्हणजे तोंडाचा आणि हाताचा चाळा. दिवसाला दहा सिगरेटी आणि एका सिगरेटीचे दहा-बारा झुरके म्हटले तर दिवसातून शंभर वेळा हात तोंडाकडे जात होता, तो हात एकदम रिकामा झाला की तो फरसाणच्या डब्यात जाणार, दुसरीकडे कुठे जाणार. त्यात भर म्हणजे जिभेची चव आणि नाकाचा वास काही दिवसांतच परत यायला लागतो. मला पहिल्याच आठवड्यात आईच्या आमटीतला हिंग जाणवला, आणि जाणवल्यावर कळलं की इतकी वर्षं तो आपल्याला जाणवतच नव्हता. त्या दिवशी मी दुप्पट भात खाल्ला आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही, पण रोज तसं केलं तर काय होणार ते उघड आहे.

आता हा हिशोब बघा कारण माझं सगळं गणित यावरच उभं आहे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोजच्या २०० कॅलरी जळायच्या थांबल्या तर तीन महिन्यांत १८ हजार, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास. चाळ्यापायी रोज आणखी २०० पोटात गेल्या तर तेवढंच परत. झाले की साडेचार किलो. शरीर काही एवढं काटेकोर कॅल्क्युलेटर नाही, पण अंदाज यायला हे पुरेसं आहे, आणि त्यातून दिसतं ते असं की आपल्याला रोज फक्त २०० ते ४०० कॅलरींचा बंदोबस्त करायचाय. त्यासाठी उपाशी राहायची, किटो करायची, भात-पोळी बंद करायची काहीही गरज नाही.

पहिला महिना डाएट अजिबात नको

हे मुद्दाम वेगळं लिहितोय कारण दुसऱ्या वेळी मी इथेच फसलो. सिगरेट आणि जेवण दोन्ही एकदम कमी केलं, संध्याकाळी सात वाजता पोटात काही नाही, डोकं ठणकतंय, चिडचिड, आणि समोर टपरी. रिकाम्या पोटी तलफ जास्त जोरात येते. मेंदूला एकाच वेळी दोन गोष्टींना नाही म्हणायला लावलं की तो दोन्हीकडे हरतो, माझा तरी हरला. तलफेचा सगळ्यात वाईट काळ पहिले दोन-तीन दिवस ते पहिला आठवडा असतो आणि तीन-चार आठवड्यांत बाकीचा त्रास बराच उतरतो, भूक मात्र त्याहून जास्त दिवस वाढलेली राहू शकते. त्यामुळे पहिले चार आठवडे तीन वेळा वेळेवर पोटभर जेवायचं, फक्त मधल्या वेळेत तोंडात काय जातंय ते बदलायचं. वजन कमी करायचा प्रोग्रॅम त्यानंतर.

चहा

आपल्याकडे सिगरेट एकटी नसते, चहाबरोबर असते. मी सोडल्यावर तिसऱ्या वेळी पण पहिल्या सहा आठवड्यांत ४ किलो वाढलो, ७१ वरून ७५. मग घाबरून तीन दिवस जे जे तोंडात गेलं ते सगळं मोबाईलमध्ये लिहून काढलं, आणि मला वाटत होतं की जेवण वाढलंय पण जेवण तेवढंच होतं. वाढला होता चहा. आधी पाच कटिंग व्हायचे, ते आता आठ झाले होते, कारण मित्र सिगरेटला खाली निघाले की मी पण जायचो आणि हातात काहीतरी पाहिजे म्हणून ग्लास घ्यायचो, बरोबर कधी खारी, कधी क्रीमरोल. आठ चहा, प्रत्येकात कमीत कमी दीड चमचा साखर धरली तर १२ चमचे. एका सपाट चमच्यात ४-५ ग्रॅम साखर म्हणजे १६ ते २० कॅलरी. नुसत्या साखरेच्या २०० ते २४० कॅलरी झाल्या, दूध आणि क्रीमरोल वेगळेच. म्हणजे सिगरेट जेवढ्या जाळत होती तेवढ्याच मी साखरेतून आत घालत होतो.

चहा कमी करायचं अजून एक कारण आहे आणि ते फार कमी लोकांना माहिती असतं. सिगरेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे लिव्हर कॅफिन फार भराभर काढून टाकतं. ओढणं थांबलं की लिव्हरचा तो वेग खाली येतो, आणि तुम्ही चहा-कॉफी आधीएवढीच घेतली तरी रक्तातलं कॅफिन जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. मग धडधडतं, हात थरथरतात, झोप लागत नाही, बेचैनी होते, आणि माणसाला वाटतं की ही सगळी सिगरेटची तलफ आहे. त्यातली बरीचशी बेचैनी चहाची असू शकते. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी भूक आणि गोडाची इच्छा दोन्ही वाढतात. सिगरेट सोडायला मदत म्हणून निकोटीनचं गम (चघळायचं औषध) घेत असाल तरी हे होतंच, कारण हे काम निकोटीन नाही, धूर करतो.

तर उपाय असा: सोडायच्या आठवड्यापासून चहा-कॉफी निम्म्यावर आणा, दुपारी तीननंतर नको, आणि साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा. एकदम फिक्का चहा पिऊ नका, टिकत नाही. आठवडाभरात जिभेला सवय होते, आता तर चव परत आलेली असल्यामुळे कमी साखरसुद्धा पुरेशी गोड लागते, या बाबतीत परत आलेली चव आपल्या बाजूने आहे. टपरीवर सांगायला लाज वाटत असेल तर सांगतो, दोन दिवसांनी चहावाल्यालाच लक्षात राहतं, तो न सांगता वेगळा करून देतो.

आणि पहिले तीन-चार आठवडे टपरीवरच जाऊ नका. मित्र तुटत नाहीत. मी त्यांना सरळ सांगितलं की महिनाभर मी खाली येणार नाही, जेवताना भेटू. ऐकलं त्यांनी.

तलफ आहे की भूक आहे

दोन्ही वेळा पोटाच्या वरच्या बाजूला पोकळ वाटल्यासारखं होतं म्हणून माणूस गोंधळतो. मी एक साधी परीक्षा ठेवली होती. स्वतःला विचारायचं, आत्ता समोर भाकरी आणि मेथीची भाजी आली तर खाशील का? उत्तर हो असेल तर भूक आहे, सरळ खा. उत्तर नाही, मला जिलबी नाहीतर चिवडाच पाहिजे असं असेल तर ती तलफ आहे. तलफ अचानक येते आणि पाच-दहा मिनिटांत उतरते, तुम्ही काही खाल्लं तरी उतरते आणि नाही खाल्लं तरी उतरते. तेवढी मिनिटं काढायची असतात बस. ग्लासभर पाणी सावकाश प्या, चेहऱ्यावर पाणी मारा, कोणाला तरी फोन लावा, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे उठून चाला. पाच-दहा मिनिटं भरभर चालल्याने तलफ खरंच कमी होते, हे अभ्यासात पण दिसलंय आणि मी स्वतः ऑफिसच्या जिन्यात शेकडो वेळा करून बघितलंय. खाऊन तलफ घालवली तर तलफ जाते पण खाणं पोटात राहतं, चालून घालवली तर दोन्ही कामं होतात.

तोंडाच्या चाळ्याला काय ठेवायचं

चाळा हा लागणारच, तो बंद करायचा प्रयत्न करू नका, त्याला कमी कॅलरीचं काहीतरी द्या. माझ्या खिशात एक छोटी डबी असायची (आधी सिगरेटचं पाकीट असायचं त्याच खिशात, हात तिकडेच जातो ना), त्यात भाजलेली बडीशेप, दोन-चार लवंगा, वेलची आणि खारवलेली आवळकाठी. बडीशेप साधी घ्या, ती रंगीत साखर लावलेली नको. जेवल्यावर लवंग तोंडात ठेवली की तोंडाला जो झणका येतो तो सिगरेटच्या जागी बऱ्यापैकी चालतो. काही जण ज्येष्ठमध चघळतात, छान लागतं, पण बीपी असेल तर रोज नको, त्याने बीपी वाढतं. साखर नसलेलं च्युइंगम पण चालतं.

एक कळकळीची विनंती, सुपारी, मावा, गुटखा, मिश्री याच्या जवळपास जाऊ नका. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे तरी कुठे मिळतो ते सगळ्यांना माहिती आहे. सिगरेट सोडून सुपारी धरलेले लोक मी बघितलेत आणि त्यांना वाटतं की आपण सुटलो. नुसत्या सुपारीनेसुद्धा तोंडाचा कॅन्सर होतो, तंबाखू घातला नसला तरी.

हाताला खरंच काहीतरी खायला पाहिजे असेल तर काकडी, गाजर, मुळा यांचे लांब तुकडे करून डब्यात न्या. लांब तुकडा बोटांत धरला जातो, ऐकायला विचित्र वाटेल पण बोटांची पण सवय असते. १०० ग्रॅम काकडीत फक्त १५ कॅलरी असतात, कितीही खा. त्यानंतर ज्वारीच्या लाह्या, कुरमुरे, भाजलेले मखाणे, फुटाणे. फुटाणे मला सगळ्यात उपयोगी पडले, मूठभर म्हणजे ३० ग्रॅममध्ये शंभर-सव्वाशे कॅलरी असतात पण प्रोटीन असल्यामुळे दोन तास भूक लागत नाही, आणि एकेक सोलून खाल्ला तर वेळही जातो. शेंगदाणे चांगलेच आहेत पण मोजून, मूठभरात पावणेदोनशे कॅलरी. फरसाण, चिवडा, बाकरवडी यांची पिशवी समोर उघडी ठेवून खायची नाही, वाटीत काढायची, पिशवीला गाठ मारून डबा वर ठेवायचा, मग बसायचं. आम्ही जयसिंगपूरचं भडंग आणतो घरी, ते मी सोडलं नाही, वाटी ठरवली फक्त.

ग्लुकोज बिस्किटाबद्दल पण सांगतो कारण ते "हलकं" समजून खाल्लं जातं. एक बिस्किट साधारण २५ कॅलरीचं, चहात बुडवून चार गेली की १००, आणि ती गेल्याचं पोटाला कळतसुद्धा नाही.

जेवण

सिगरेट ओढणारे बरेच जण सकाळी नुसता चहा आणि सिगरेटवर निघतात, नाश्ता नाहीच. सोडल्यावर ते चालत नाही, ११ वाजता वडापाव होतोच (आणि एक वडापाव म्हणजे ३०० च्या जवळपास कॅलरी). सकाळीच पोटभर खा आणि त्यात प्रोटीन असू दे: दोन अंडी, किंवा मोड आलेल्या मुगाची उसळ, मुगाच्या डाळीचं धिरडं, थालीपीठ आणि दही. पोहे खायचे तर त्यात मटार-गाजर भरपूर घाला, वर मटकी घाला. दुपारी डब्यात भाजी आणि कोशिंबीर वाढवायची, एक पोळी कमी झाली तर आपोआप होऊ दे, मोजत बसू नका. जेवणाआधी एक ग्लास ताक मला फार लागू पडलं, साधं पातळ ताक, मीठ-जिरं घालून. घरी सांगून ठेवा की आग्रह नको, हे आपल्याकडे महत्त्वाचं आहे कारण सिगरेट सोडली म्हणून आई-आजी कौतुकाने तूप जास्तच वाढतात, अंग भरलं की त्यांना बरं वाटतं. प्रेमाने सांगितलं की ऐकतात.

जेवण झालं की सिगरेट, ही सगळ्यात चिवट सवय. त्या जागी बहुतेक लोक गोड खायला लागतात, आणि दिवसाला दोन जेवणं म्हणजे दोन गोड पदार्थ रोजचे. त्या जागी मी शतपावली बसवली. आपल्या आजोबांची शतपावली, तीच. जेवण झाल्याबरोबर ताटावरून उठायचं, बसून राहायचं नाही, चूळ भरायची किंवा सरळ दात घासायचे, आणि १०-१५ मिनिटं बाहेर चालून यायचं. जेवणानंतर चालल्याने रक्तातली साखर पण कमी चढते. दात घासले की तोंड "संपलं" असं वाटतं, परत काही टाकावंसं वाटत नाही. शनिवारी-रविवारी गोड खायचो मी, मनापासून, एक वाटी.

दारू. "बसणं" होत असेल तर पहिले दोन महिने टाळाच. एक तर दारूच्या ग्लासाबरोबर हात आपोआप सिगरेट शोधतो, बऱ्याच जणांची सोडलेली सिगरेट तिथेच परत सुरू होते, दुसरं म्हणजे दारूच्या कॅलरी आणि वर चकण्याचे तळलेले शेंगदाणे, चकली, चिकन, एका रात्रीत आठवड्याची मेहनत जाते.

पोट साफ होणं

हा विषय कोणी लिहीत नाही. सकाळी सिगरेट ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही हे ओढणाऱ्यांचं कायमचं वाक्य आहे आणि ते खोटं नाही, निकोटीन आतड्यांना चालना देतं. सोडल्यावर पहिले काही आठवडे काहींना बद्धकोष्ठ होतं, पोट फुगल्यासारखं वाटतं, आणि आरशात बघून माणूस समजतो की चरबी चढली. त्यातलं बरंचसं फुगणं असतं. सकाळी उठल्यावर कोमट पाणी दोन ग्लास, ठरलेल्या वेळी निवांत बसणं, ज्वारी-बाजरीची भाकरी, पपई, पेरू, पालेभाज्या, रात्री हवं तर एक चमचा इसबगोल पाण्यातून, आणि त्यावर पाणी भरपूर. काही आठवड्यांत आतडी बहुतेक स्वतःहून लाईनवर येतात. याच कारणासाठी "फक्त सकाळची एक" चालू ठेवू नका, त्या एकीच्या मागून बाकीच्या नऊ येतात.

चालणं आणि ताकद

२०० कॅलरी जाळायला ७० किलोच्या माणसाला साधारण पाऊण तास भरभर चालावं लागतं. म्हणजे सिगरेट जे जाळत होती ते पाऊण तासाच्या चालण्याने सरळ भरून निघतं, तेही फुफ्फुसं न जाळता. एकदम पाऊण तास जमत नसेल तर १५-१५ मिनिटांचे तीन तुकडे करा, दोन शतपावल्या आणि एक सकाळी, झालं. मी पुण्यात राहतो, पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत. सोडल्याच्या पहिल्या रविवारी मध्ये तीनदा थांबलो होतो, दोन महिन्यांनी न थांबता वर गेलो आणि वर उभा राहून खरं सांगतो डोळ्यात पाणी आलं, कारण दम लागत नव्हता. वजनकाट्याने जी उमेद दिली नाही ती त्या पायऱ्यांनी दिली, त्यामुळे तुमच्या जवळ टेकडी, किल्ला, नाहीतर चार मजल्यांचा जिना असेल तो तुमचा मीटर ठरवा.

चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम पाहिजेच, कारण स्नायू असले की बसल्या बसल्या पण जरा जास्त ऊर्जा जळते. जिम लागत नाही. बैठका, भिंतीला किंवा ओट्याला टेकून जोर, १२ सूर्यनमस्कार, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, २० मिनिटं पुरे. हार्टचा त्रास, छातीत दुखणं, खूप धाप असं काही असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, १०-१५ वर्षं ओढलेल्या माणसाने हे हलक्यात घेऊ नये.

गम, औषधं आणि डॉक्टर

निकोटीनचं गम किंवा गोळी घेतली तर वजन वाढणं थोडं पुढे ढकललं जातं, म्हणजे सोडायचा त्रास आणि वजनाचा त्रास एकदम अंगावर येत नाही, हा त्याचा मोठा फायदा. २ मिलिग्रॅमचं गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली लागते त्याला ४ मिलिग्रॅमचं लागू शकतं, ते डॉक्टरांना विचारून. हे च्युइंगमसारखं सारखं चघळायचं नसतं, हळूहळू चावायचं, तिखट झणझणलं की गालात दाबून ठेवायचं, झणका कमी झाला की परत चावायचं, असं अर्धा तास. आणि त्याच्या आधी १५ मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. गोळ्यांमध्ये ब्युप्रोपिऑन नावाचं एक औषध आहे, ते चालू असेपर्यंत वजन जरा कमी वाढतं, पण ते डॉक्टरच देतात, फिटचा त्रास असलेल्यांना चालत नाही. वजनासाठी म्हणून व्हेपकडे (ई-सिगरेटकडे) वळू नका, आपल्या देशात २०१९ पासून त्याच्या विक्रीवर बंदीच आहे.

डायबेटीस असेल, दम्याची थिओफायलिन असलेली गोळी चालू असेल, मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर सिगरेट सोडतोय हे डॉक्टरांना आधीच सांगा. कॅफिनचं जसं होतं तसंच काही औषधांचं पण होतं, धूर थांबला की रक्तात त्यांचं प्रमाण वाढतं, डोस बदलावा लागू शकतो. शुगर पण सुरुवातीला जास्त वेळा तपासा.

सोडायलाच मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फ्री नंबर आहे, सिगरेटच्या पाकिटावर पण छापलेला असतो, मुंबईचं टाटा मेमोरियल हे त्याच्या केंद्रांपैकी एक आहे.

काटा कधी बघायचा

रोज नाही. रोज पाणी-मिठाने किलोभर इकडेतिकडे होतं आणि माणूस उगाच खचतो. आठवड्यातून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर, तेच कपडे. आणि टेप घेऊन बेंबीजवळ कंबर मोजा, आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही मर्यादा धरतात, ती ओलांडली तर लक्ष द्यायचं. मी स्वतःला पहिल्या तीन महिन्यांत ३ किलोची सूट द्यायला हवी होती असं आता वाटतं, ती आधीच दिली असती तर सहाव्या आठवड्यात एवढा घाबरलो नसतो.

आणि ज्यांचं आधीच ५-६ किलो वाढलंय आणि सोडून तीन-चार महिने झालेत त्यांच्यासाठी. तलफ आता बरीच कमी झालेली असेल, म्हणजे खाण्याकडे लक्ष द्यायची हीच वेळ आहे. तीन दिवस सगळं लिहून काढा, चहा-बिस्किटासकट, एक घास पण सोडू नका. त्यात तुम्हाला एक-दोन जागा नक्की सापडतील ज्या सिगरेट सुटल्यानंतर नव्याने आल्यात, माझा चहा निघाला, माझ्या मेव्हण्याचं रात्री टीव्हीसमोरचं फरसाण निघालं, एका मैत्रिणीची दुपारी चारची कोल्ड कॉफी निघाली. फक्त तेवढ्याच जागा दुरुस्त करा आणि पाऊण तास चाला. महिन्याला एक किलो उतरलं तरी भरपूर आहे, माझं ७५ वरून साडेबहात्तरवर यायला आठ महिने लागले आणि तिथेच टिकलंय. १० किलोच्या वर वाढलं असेल, किंवा नीट खाऊन-चालूनही वाढतच असेल, तर थायरॉइड आणि शुगर तपासून घ्या.